बाजारगल्लीची वर्गणी फुटावर कशी लावायची

रात्री वॉचमन नाही, लाईट बंद, नाली तुंबलेली आणि वर्गणी मागायला गेलं की "उद्या या", हे मराठवाड्यातल्या बहुतेक बाजारपेठांत चालूच असतं. आमच्या लातूरच्या गंजगोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात, तिथल्याच एका गल्लीत माझं दुकान आहे. आम्ही एकदा सरसकट 200 रुपये महिना लावला होता, चार महिन्यांत बारगळलं. वही अजून माझ्याकडं आहे, पहिल्या पानावर सगळ्या नावांपुढं टिकमार्क, चौथ्यावर फक्त अकरा. मसाल्याच्या छोट्या गाळ्याला आणि कोपऱ्यावरच्या कापडाच्या शोरूमला रक्कम एकच, वरून जो देत नाही त्याच्याबी शटरसमोरून वॉचमन शिट्टी मारत जातोच, मग बाकीचे कशाला देतील?

टोरंटोतल्या ब्लूर वेस्ट व्हिलेज बाजारानं 1970 मध्ये यावर तोड काढली. गिऱ्हाईक मॉलकडं चाललं होतं म्हणून दुकानदार एकत्र आले, आणि ठरलेली जादा पट्टी महापालिकाच टॅक्ससोबत वसूल करून त्यांच्या मंडळाला देऊ लागली, त्यामुळं फुकट्यांना जागाच उरली नाही. याला तिथं बिझनेस इम्प्रूव्हमेंट एरिया म्हणतात, इतरत्र बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट. इंग्लंडमध्ये तर आधी मतदान घ्यावं लागतं, डोकी मोजूनबी बहुमत पाहिजे आणि जागांच्या करमूल्यानंबी, म्हणजे मोठे छोट्यांवर लादू शकत नाहीत न् छोटे मोठ्यांवर. मुदत जास्तीत जास्त 5 वर्षं, पुढं चालवायचं तर परत मतदान.

आपल्या व्यापारी असोसिएशनला अशी सक्ती करता येत नाही, पण पद्धत उचलता येते. आधी खर्च लिहा, दर नंतर. समजा वॉचमन, जादा झाडलोट, सीसीटीव्हीची दुरुस्ती मिळून महिन्याला 14,400 रुपये लागतात. आता टेप घेऊन सगळी शटरं मोजा, दोघंतिघं मिळून आणि दुकानदारासमोरच मोजा नाहीतर फुटाफुटावरून वाद होतात. बेरीज 720 फूट आली तर फुटाला 20 रुपये, म्हणजे 8 फुटी गाळ्याला 160 आणि 30 फुटी शोरूमला 600. मग मतदान, दुकानांनुसार वेगळं न् फुटांनुसार वेगळं, दोन्हीत पास झालं तरच सुरू करा.

पैसा कुणाच्या वैयक्तिक खात्यात घेऊ नका. किमान 7 जण मिळून सोसायटी रजिस्टर होते, तिच्या नावानं खातं काढा, दोन सह्या ठेवा, क्यूआर तिथलाच लावा आणि दर महिन्याचं स्टेटमेंट चौकात चिकटवा. माझ्या मते अर्धी वसुली त्या कागदावरच होते.

मनपाचं काम मात्र या पैशातून करू नका, रोजची झाडलोट न् नाली त्यांचीच, त्यासाठी टॅक्स भरलाय, अर्ज देऊन पोच घ्या. हातगाडीवाल्यांना हटवायलाबी हा फंड नाही, त्यांना 2014 च्या कायद्याचं संरक्षण आहे, उलट रोजचे थोडे घेऊन त्यांनाबी सोबत घ्या.

पहिली मुदत एकच वर्षाची ठेवा, पाडव्याला नवीन वही काढताना दर परत ठरवायचा.