उत्तर जपानचा घाटरस्ता आणि उष्ण झरे: मुंबईकरांसाठी मार्ग-नियोजन

होन्शू या जपानच्या मुख्य बेटाच्या उत्तर भागाला तोहोकू म्हणतात. तेथील आओमोरी, अकिता आणि इवाते या तीन प्रांतांमधला डोंगराळ पट्टा ज्वालामुखींचा असून त्यातून जाणाऱ्या घाटरस्त्यांवर उष्ण झऱ्यांची, म्हणजे ओन्सेनची, जुनी स्नानगृहे आहेत. येथे सुचविलेला मार्ग उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरतो. तोक्योहून शिन्कान्सेन या अतिवेगवान रेल्वेने शिन-आओमोरीला जाऊन तेथे गाडी भाड्याने घ्यावी, हाक्कोदा डोंगर, ओइरासे ओढा, तोवादा सरोवर, हाचिमान्ताई पठार, तामागावा आणि न्यूतो असा प्रवास करावा आणि मोरिओकाला गाडी परत द्यावी. एका ठिकाणी घेतलेली गाडी दुसऱ्या ठिकाणी सोडण्याचे वेगळे शुल्क पडते, तरीही हीच दिशा योग्य ठरते, कारण वाटेवरचे अतिशय आम्लधर्मी झरे आधी येतात आणि त्वचेला निवांत करणारे सौम्य पाणी शेवटी येते. तीव्र पाण्यानंतर मऊ पाण्यात उतरून स्नानयात्रा संपविण्याची जपानी लोकांची जुनी पद्धत आहे आणि तिच्यामागे अनुभव आहे. पाच रात्री हाताशी असाव्यात. त्यापेक्षा कमी असल्यास तोवादा वगळावे, पण झरे वगळू नयेत.

नियोजनाची सुरुवात प्रेक्षणीय स्थळांच्या यादीपासून नव्हे, तर रस्त्यांच्या वेळापत्रकापासून करावी. हे रस्ते हिवाळ्यात बर्फामुळे फाटक लावून बंद केले जातात. हाक्कोदावरील सुकायू येथे २६ फेब्रुवारी २०१३ रोजी ५६६ सेंटिमीटर बर्फाची नोंद झाली होती, यावरून बंदीचे कारण ध्यानात येईल. हाक्कोदाचा रस्ता साधारणतः १ एप्रिलला, तर हाचिमान्ताई पठार ओलांडणारी सुमारे २७ किलोमीटरचा ‘आस्पिते लाइन’ हा घाटरस्ता एप्रिलच्या मध्यास उघडतो. दोन्हीकडे यंत्रांनी कापलेल्या बर्फाच्या उंच भिंतींमधून गाडी जाते. सुरुवातीच्या आठवड्यांत सायंकाळी फाटक पुन्हा लागते, त्यामुळे दुपार उलटल्यावर पठारावर चढू नये. नोव्हेंबरच्या आरंभी रस्ता पुन्हा बंद होतो.

मुंबईतील शाळांच्या सुट्ट्यांशी हे गणित जुळवून पाहिले तर उन्हाळी सुट्टी चांगली जुळते, दिवाळीची सुट्टी मात्र नीट जुळत नाही. २९ एप्रिल ते ५ मे या काळात जपानमध्ये सलग सुट्ट्या असतात आणि सरायांतील खोल्या मिळत नाहीत. म्हणून ७ मेनंतरचे दिवस धरावेत. मेच्या उत्तरार्धात गेल्यास आणखी एक लाभ असतो: हाचिमान्ताईवरील कागामिनुमा या तळ्यातील बर्फ कडेने वितळून मध्ये पांढरे वर्तुळ उरते आणि ते डोळ्यासारखे दिसते. हे दृश्य जूनच्या आरंभापर्यंतच टिकते. जूनच्या मध्यापासून तेथेही पावसाळा असतो, आणि तो मुंबईत फुकट मिळतो. पानांचे रंग पाहायचे असतील तर नवरात्राच्या सुमारास, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात जावे. दिवाळीपर्यंत पठारावरची झाडे निष्पर्ण झालेली असतात आणि उंचावरच्या काही सराया दारे बंद करू लागलेल्या असतात.

तारखा ठरल्यावर कागदपत्रांकडे वळावे. जपानमध्ये १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना चालतो आणि भारत या कराराचा सदस्य असल्याने आपल्या आरटीओने दिलेली पुस्तिका तेथे ग्राह्य असते. अर्ज सारथी संकेतस्थळावरून करता येतो. ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली यांपैकी ज्या कार्यालयाच्या हद्दीत आपला पत्ता येतो तेथे तो जातो. सोबत पासपोर्ट आणि व्हिसा लागतो, त्यामुळे आधी व्हिसा आणि मग परवाना हा क्रम ठेवावा. परवान्याची मुदत एक वर्षाची असते. गाडी घेताना ही पुस्तिका, मूळ भारतीय लायसन्स आणि पासपोर्ट ही तिन्ही मूळ स्वरूपात दाखवावी लागतात. मोबाइलमधील प्रत पुढे केल्यास काउंटरवरील कर्मचारी अतिशय नम्रपणे गाडी नाकारतो.

चार प्रौढ आणि त्यांच्या बॅगा असतील तर भाडे कमी दिसते म्हणून ६६० सीसीची लहान गाडी घेऊ नये; चढावर तिचा जीव निघतो. सहा वर्षांखालील मुलासाठी बालआसन कायद्याने बंधनकारक आहे, ते आगाऊ नोंदवावे. एप्रिलमध्ये किंवा ऑक्टोबरअखेर जात असल्यास बर्फावर चालणारे टायर आहेत का, हे आरक्षणाच्या वेळीच विचारावे. टोलसाठी ईटीसी कार्ड गाडीसोबत भाड्याने मिळते. अपघात झाल्यास गाडी दुरुस्तीत असतानाच्या दिवसांची भरपाई साध्या विम्यात येत नाही, म्हणून त्याचे जादा संरक्षण घेण्यात कंजुषी करू नये.

गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवायची असते आणि स्टिअरिंगही उजवीकडे असते, त्यामुळे हाताला नवे काही शिकावे लागत नाही. बदलाव्या लागतात त्या सवयी. उलट्या लाल त्रिकोणाचा फलक दिसला की रस्ता रिकामा असला तरी चाके पूर्ण थांबवावी लागतात, आणि रेल्वे फाटक उघडे असले तरीही रुळांपूर्वी थांबून पाहावे लागते. वळणावर हॉर्न वाजवून येत असल्याची वर्दी देण्याची आपली रीत तेथे, तसा फलक नसेल तर, उद्धटपणा ठरते. मद्यपान करून गाडी चालविणाऱ्याबरोबरच त्याला मद्य देणारा आणि जाणूनबुजून त्याच्या गाडीत बसणाराही कायद्याने दोषी धरला जातो. दुपारच्या जेवणातील बिअरचा एक पेलाही त्यात आला. उतारावर सतत ब्रेक दाबण्याऐवजी ऑटोमॅटिक गाडीतील खालचा गिअर वापरावा. पावसाळ्यात माळशेज घाटातून गाडी नेलेल्या माणसाला हाचिमान्ताईवरचे धुके परके वाटणार नाही, परंतु तेथे अंधार लवकर पडतो आणि रस्त्यावर मैलोन्मैल दिवा नसतो. सायंकाळी पाचच्या आत मुक्कामी पोहोचणे हा या प्रवासातील एकच नियम असा आहे ज्याला अपवाद करू नये.

पहिला मुक्काम सुकायू येथे करावा. शिन-आओमोरीपासून तासाभराच्या अंतरावर, साधारण ९०० मीटर उंचीवर असलेली ही सराय सतराव्या शतकापासून चालत आलेली आहे. तेथील ‘हजार माणसांचे’ स्नानगृह हिबा या सुगंधी लाकडाचे असून एवढ्या प्रशस्त दालनात मध्ये एकही खांब नाही. येथे स्त्री-पुरुष एकत्र स्नान करतात. पाणी दुधाळ असते, स्त्रियांसाठी सकाळ-संध्याकाळ राखीव वेळ असते आणि अंगावर घालण्याचे स्नानवस्त्र विकत मिळते. ज्यांना तरीही संकोच वाटतो त्यांच्यासाठी स्त्री-पुरुषांची वेगवेगळी लहान स्नानगृहे त्याच इमारतीत आहेत. कुटुंबात यावर निघण्यापूर्वीच बोलून घ्यावे, दारात उभे राहून नव्हे.

दुसऱ्या दिवशी ओइरासे ओढ्याकाठी चालण्यासाठी सकाळ राखून ठेवावी. तोवादा सरोवरातून निघणारा हा ओढा रस्त्याला लागूनच सुमारे १४ किलोमीटर वाहतो. गाडीतून पाहण्यापेक्षा इशिगेदो येथे गाडी ठेवून प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने चालावे, म्हणजे धबधबे समोरून दिसतात. परतीसाठी बस असते. सरोवर ज्वालामुखीच्या खचलेल्या मुखात साठलेले आहे आणि ३२७ मीटर खोल आहे. दक्षिणेकडे काझुनोला उतरण्यापूर्वी हाक्का खिंडीत ते संपूर्ण दिसते. काझुनोमध्ये इंधनाची टाकी पूर्ण भरावी, कारण पुढे डोंगरात पंप जवळजवळ नाहीत. पेट्रोलची नळी लाल, उच्च ऑक्टेनची पिवळी आणि डिझेलची हिरवी असते. हिरवा रंग पाहून पेट्रोल समजण्याची गफलत महागात पडते.

हाचिमान्ताई हा या मार्गाचा गाभा आहे आणि त्याला दोन दिवस द्यावेत. काझुनोहून ३४१ क्रमांकाच्या रस्त्याने येऊन आस्पिते लाइनवर चढताना प्रथम गोशोगाके लागते. ‘घोड्यावरून यावे आणि पायी परतावे’ अशी तेथील म्हण आहे, म्हणजे आजारी माणूस इतका बरा होतो की त्याला घोडा लागत नाही. डोके बाहेर ठेवून बसायच्या लाकडी पेट्यांतील वाफेचे स्नान आणि चिखलाचे स्नान ही येथील वैशिष्ट्ये. मागच्या बाजूच्या पायवाटेवर उकळता चिखल आणि वाफेची छिद्रे पाहता येतात. आखलेली वाट सोडून एक पाऊलही टाकू नये. पुढे मिकाएरी खिंड आणि तेथून खाली थोड्याच अंतरावर तोशिची ही १४०० मीटर उंचीवरची सराय आहे, तोहोकूतील सर्वांत उंच ओन्सेन. तिचे उघड्यावरचे कुंड अक्षरशः डोंगरउतारावर आहेत आणि ती एप्रिलअखेर ते ऑक्टोबरअखेर एवढेच दिवस चालू असते. पठाराचा माथा १६१३ मीटर उंच असला तरी वाहनतळापासूनची चाल सोपी आहे.

आलेल्याच रस्त्याने ३४१ वर परतून दक्षिणेकडे वळले की तामागावा येते. एकाच उगमातून मिनिटाला सुमारे ९००० लिटर पाणी ९८ अंश तापमानाने बाहेर पडते आणि त्याचा पीएच १.२ च्या आसपास असतो. ते आम्ल आहे असे समजूनच त्यात उतरावे. आदल्या दिवशी दाढी किंवा वॅक्सिंग करू नये, अंगावर खरचटलेले असल्यास पातळ केलेल्या पाण्याच्या कुंडातच बसावे, चेहऱ्याला पाणी लावू नये आणि बाहेर आल्यावर साध्या पाण्याने अंग धुवावे. इतरत्र, सौम्य झऱ्यांवर, हे शेवटचे धुणे टाळतात. तेथे उष्ण खडकांवर चटया टाकून पडून राहणारे अनेक लोक दिसतात, त्यांत गंभीर आजारी माणसेही असतात. त्यांच्या श्रद्धेचा मान राखावा, छायाचित्रे काढू नयेत आणि या झऱ्याला औषधोपचाराचा पर्याय मानू नये.

या पाण्याचा पुढचा इतिहास रस्त्याच्या कडेनेच चालतो. वीजनिर्मिती आणि शेतीसाठी १९४० मध्ये तामागावाचे आम्लयुक्त पाणी ताझावा सरोवरात वळविण्यात आले. ४२३ मीटर खोलीचे हे जपानमधील सर्वांत खोल सरोवर. त्यातील मासे मेले आणि केवळ तेथेच आढळणारा कुनिमासू नामशेष झाला असे मानले गेले. पूर्वी या माशाची अंडी इतर सरोवरांत पाठविण्यात आली होती. २०१० मध्ये फुजी पर्वताजवळच्या साइको सरोवरात त्याचे वंशज जिवंत सापडले. सरोवराचे निळे पाणी पाहताना एवढे माहीत असावे.

न्यूतोमध्ये सात सराया आहेत आणि दोन रात्री तेथेच घालवाव्यात. मुक्कामी पाहुण्यांना सातही ठिकाणच्या स्नानाचा एकत्रित परवाना विकत मिळतो. त्सुरुनोयू सर्वांत जुनी. अकिताचे सरदार १६३८ मध्ये येथे आले होते, आणि गवताने शाकारलेली मुक्कामाच्या खोल्यांची रांग आजही वापरात आहे. तेथे खोली मिळविण्यासाठी कित्येक महिने आधी प्रयत्न करावा लागतो. न मिळाल्यास दिवसाच्या स्नानासाठी सकाळी जावे, कारण दुपारी तीनला बाहेरच्यांसाठी दार बंद होते. दर स्नानाला बहुधा ५०० ते १००० येन पडतात, ते रोख जवळ ठेवावेत.

वज्रेश्वरी-अकलोलीच्या कुंडांत कपड्यांसह उतरण्याची सवय असलेल्यांना ओन्सेनची शिस्त कडक वाटेल. आधी स्टुलावर बसून साबणाने अंग पूर्ण धुवायचे, केस बांधायचे, मग निर्वस्त्र पाण्यात शिरायचे आणि लहान टॉवेल पाण्यात बुडू द्यायचा नाही. पाणी ४२ अंशांच्या आसपास असते. पाच-सात मिनिटांनी बाहेर येऊन पुन्हा जावे, आणि रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. गंधकयुक्त पाण्यात चांदी काळी पडते, म्हणून जोडवी, पैंजण आणि चांदीची साखळी घरीच ठेवून यावी. ज्या वायूमुळे चांदी काळवंडते तोच साचला तर जीव घेतो: डिसेंबर २००५ मध्ये अकितातील दोरोयू येथे बर्फातील खळग्यात साचलेल्या हायड्रोजन सल्फाइडने एका कुटुंबातील चौघांचा मृत्यू झाला. धोक्याचा फलक असलेल्या जागी गाडीही उभी करू नये. अस्वलांसाठी पाठपिशवीला घंटी बांधावी. तो भाग अस्वलांचाच आहे.

शाकाहारी मंडळींनी जेवणाचा प्रश्न आरक्षणाच्या वेळीच सोडवावा. मांस नको, मासे नकोत, आणि माशांचा अर्क असलेले दाशीही नको, असे तिन्ही मुद्दे जपानी भाषेत लिहून पाठवावे. नुसते ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्यास सूपमध्ये मासा येतोच. काही सराया स्पष्ट नकार देतात आणि तो नकार उपकारक असतो, कारण डोंगरात संध्याकाळी सहानंतर दुसरे हॉटेल नसते. भात, तोफू, रानभाज्या आणि लोणची मिळतात. सोबत मेतकूट, कोरडी चटणी आणि खाकरे न्यावेत, परंतु ताजी फळे-भाज्या किंवा मांसाचे पदार्थ नेऊ नयेत. मेमध्ये जाणाऱ्यांनी ओळखीच्यांसाठी हापूसची पेटी नेण्याचा मोह आवरावा. विमानतळावरच ती काढून घेतली जाईल.

शेवटच्या दिवशी न्यूतोहून ४६ क्रमांकाच्या रस्त्याने मोरिओका गाठता येते. गाडी परत देण्यापूर्वी टाकी पुन्हा पूर्ण भरून पंपावरील पावती जपून ठेवावी, कारण काउंटरवर ती मागितली जाते. तेथून शिन्कान्सेनने तोक्यो सव्वादोन तासांवर आहे.