टुंड्रातल्या जिवाणूंवर पीएचडी करायचीय? मग हे वाचा

एमएस्सी मायक्रो झाल्यावर आपल्याकडे साधारण दोनच रस्ते दिसतात, फार्मा कंपनीत क्यूसी नाहीतर कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासांच्या हिशोबाने मिळणाऱ्या मानधनावर, तास घेत घेत नेट-सेटचा अभ्यास. मी तिसरीकडेच गेले. स्वीडनच्या पार उत्तरेला आबिस्को म्हणून छोटंसं गाव आहे, त्याच्या जवळच स्टोरडालेन नावाची अर्धवट गोठलेली दलदल आहे, तिथल्या मातीतले सूक्ष्मजीव आणि त्यांच्यामुळे बाहेर पडणारा मिथेन हा माझा विषय.

बेसिक पटकन सांगते. जी जमीन सलग दोन वर्षं तरी शून्य अंशाला किंवा त्याखाली राहिली ती पर्माफ्रॉस्ट. तिचा वरचा थर दर उन्हाळ्यात वितळतो आणि परत गोठतो, त्याला ॲक्टिव्ह लेयर म्हणतात. उत्तरेकडच्या सगळ्या पर्माफ्रॉस्ट पट्ट्यातल्या मातीत मिळून अंदाजे 1,460 ते 1,600 अब्ज टन कार्बन आहे, म्हणजे आत्ता हवेत जेवढा आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट. हजारो वर्षांची मुळं, पानं, शेवाळ, थंडीमुळे नीट कुजलंच नाही. आता ऊब मिळाली की जिवाणू कामाला लागतात.

इथे नवीन माणसाच्या डोक्यात एक सरळ गणित असतं, बर्फ वितळला की मिथेन निघाला. तसं नाहीये. गॅस कुठला निघणार हे मुख्यतः पाणी ठरवतं. स्टोरडालेनला हे डोळ्यांनी दिसतं. लाकडी फळ्यांच्या वाटेवरून चालत गेलं की आधी पाल्सा लागतात, म्हणजे आत बर्फ असल्यामुळे वर उचलले गेलेले कोरडे उंचवटे, तिथे हवा खेळती असते म्हणून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड निघतो आणि मिथेन जवळपास नाहीच. आतला बर्फ वितळला की तो उंचवटा खचतो, पाणी साठतं, स्फॅग्नम शेवाळ पसरतं, आणि पूर्णच वितळलं की फेन होतं, म्हणजे सदा पाण्यात असलेली, कापूसगवत वगैरे उगवणारी दलदल. मिथेन सगळ्यात जास्त इथून. आणि हे सगळं काही पावलांच्या अंतरावर! त्या गवताच्या आत पोकळ नळ्या असतात, त्यातून खालचा मिथेन थेट वर येतो, नाहीतर वाटेत ऑक्सिजनवाल्या थरात मिथेन खाणारे जिवाणू त्यातला बराचसा फस्त करतात. मिथेन 100 वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या साधारण 28 पट तापवतो आणि 20 वर्षांच्या हिशोबाने 80 पटीच्या आसपास, त्यामुळे गॅस कुठल्या रूपात बाहेर पडला याने खूप फरक पडतो.

आणि हो, मिथेन बनवणारे हे बॅक्टेरिया नसतात, आर्किया असतात, म्हणजे दिसायला बॅक्टेरियासारखे पण वेगळ्याच गटातले एकपेशीय जीव. इंटरव्ह्यूत हे चुकलात तर समोरचा चेहऱ्यावर काही दाखवणार नाही पण मनात फुली मारणार. 2014 साली स्टोरडालेनच्याच मातीतून अशा एका आर्कियाची ओळख पटली, मिथॅनोफ्लोरेन्स स्टोरडालेनमायरेन्सिस, नाव पाठ करायला मलाही वेळ लागला. हा हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन करतो आणि अर्धवट वितळलेल्या भागात त्याचं राज्य असतं, पुढे फेनमध्ये ॲसिटेट वापरणाऱ्यांचा वाटा वाढतो, आणि हा बदल मिथेनमधल्या कार्बनच्या आयसोटोपवरूनही, म्हणजे हलक्या-जड कार्बनच्या प्रमाणावरूनही, पकडता येतो. माझ्या मते या विषयातली सगळ्यात भारी गोष्ट हीच आहे, डीएनए वाचून जे कळतं ते गॅसमध्येही दिसतं.

फील्डवर्क फोटोत दिसतं तसं रोमँटिक नसतं. जमिनीत आधीच रोवलेल्या कॉलरवर, म्हणजे कड्यावर, चेंबर म्हणजे बंद डबा ठेवायचा, गॅस मोजणारा ॲनालायझर लावायचा, आत गॅस किती वाढतोय ते बघत बसायचं, मग पुढची कॉलर. वाट सोडून पाय ठेवायचा नाही, वजनाने खालचे बुडबुडे सुटतात आणि रीडिंग वाया जातं. लोखंडी सळई खुपसत जायची, बर्फाला टक् लागली की खोली लिहायची. जुलैमध्ये सूर्य जवळपास मावळतच नाही आणि डास इतके की डोक्यावर जाळी घातल्याशिवाय उभं राहता येत नाही. लॅबमध्ये वेगळा छळ. या मातीत ह्युमिक ॲसिड, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातला तपकिरी पदार्थ, भरपूर असतं, डीएनए काढला तर चहाच्या रंगाचा येतो आणि पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवायची पद्धत) चालतच नाही, तो परत परत साफ करावा लागतो. शिवाय थंडीत मेलेल्या जिवाणूंचा डीएनएही टिकून राहतो, म्हणजे यादीत नाव आलं म्हणून तो जिवंत आहे असं नाही. म्हणून आरएनए बघायचा, तो खरंच काम करणाऱ्या पेशींकडे बोट दाखवतो, आणि म्हणून माती बाटल्यांत बंद ठेवून गॅस निघतोय का बघायचं, म्हणजे इन्क्युबेशन.

हिवाळ्याला कमी लेखू नका. जमीन वरून गोठते, खालून पर्माफ्रॉस्ट, मध्ये शून्याच्या आसपास ओला थर कितीतरी आठवडे राहतो आणि गॅस चालूच. ग्रीनलंडमध्ये झाकेनबर्गला 2007 च्या शरदात गोठताना मिथेनचा मोठा लोट मोजला गेला, आणि अलास्कातल्या टुंड्रावरच्या 2016 च्या पेपरमध्ये वर्षभरातला किमान निम्मा मिथेन थंडीच्या महिन्यांत निघतो असं आलं. तरी बहुतेक डेटा उन्हाळ्यातला, कारण माणसं उन्हाळ्यात जातात! मिथेन बॉम्ब फुटणार वगैरे बातम्यांवरून मात्र थिसिसचा विषय ठरवू नका, हे वर्षानुवर्षं चालणारं प्रकरण आहे.

आता आपल्याकडून इथे यायचं कसं. भातखाचरावर काम केलं असेल तर ते लपवू नका, उलट पुढे करा. पाणी साठलेली माती, ऑक्सिजन नाही, रोपाच्या पोकळ नळ्यांतून मिथेन, शास्त्र तेच. पुण्याच्या आघारकर संस्थेत भातशेतीतल्या मिथेन खाणाऱ्या जिवाणूंवर काम होतं, तिथे किंवा तसल्या लॅबमध्ये डिझर्टेशन मिळालं तर सोनं. भारतातूनच ध्रुवीय काम करायचं असेल तर गोव्यात वास्कोला एनसीपीओआर, म्हणजे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, आपलं हिमाद्री हे स्टेशन त्यांच्याकडेच, 2008 पासून नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर न्यू-ऑलेसुंडला.

स्वीडनमध्ये पीएचडी ही बहुतेक वेळा पगारी नोकरी असते, फी नसते, जाहिराती युनिव्हर्सिटीच्या साइटवर आणि युरॅक्सेस या युरोपातल्या संशोधन नोकऱ्यांच्या पोर्टलवर येतात. ईमेलमध्ये रिस्पेक्टेड सर, आय ॲम हार्डवर्किंग असलं लिहू नका. त्यांचा एक पेपर खरंच वाचा आणि त्यातल्या एखाद्या आकृतीवर प्रश्न विचारा, उत्तर येण्याची शक्यता पुष्कळ वाढते. आर ही आकडेवारीसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा शिका, अगदी आजपासून, कारण माती खणण्यापेक्षा जास्त वेळ तुम्ही स्क्रीनसमोर काढणार आहात. मार्कांपेक्षा जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफ, गॅस वेगळे करून मोजणारं यंत्र) हाताळता येतो का, हे जास्त विचारतात. पीएचडीनंतर पोस्टडॉक एक-दोन वर्षांच्या करारावर असतात, घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर प्रत्येक दिवाळीला पर्मनंट कधी होणार हा प्रश्न आहेच. आणि डिसेंबरात आबिस्कोला सूर्य उगवत नाही, त्यासाठी व्हिटॅमिन डी डॉक्टरांना विचारून आधीच सुरू करा.