दुभंगलेले देश कसे अभ्यासावेत: कोरिया, व्हिएतनाम, जर्मनी चार संध्याकाळींत

लातूर-नांदेडच्या अभ्यासिकांमध्ये शीतयुद्धाच्या प्रश्नाला एक ठरलेलं उत्तर फिरतं: अमेरिका आणि रशिया भांडले, म्हणून देश फुटले. हे अर्धंच खरं आहे. रेषा महासत्तांनी ओढल्या, पण गावोगावचे लोक लढायला उठले ते जमिनीसाठी आणि परक्या राजवटीच्या संतापातून. हे दोन धागे पहिल्या दिवसापासून वेगळे धरा. खालची पद्धत तिघा-चौघांच्या गटासाठी आहे, रोज दीड तास.

साहित्य थोडंच: तीन मोठ्या ड्रॉइंग शीट, अक्षांश-रेखांश दाखवणारा चांगला नकाशासंग्रह, फूटपट्टी, पेन्सिल, निळा आणि तांबडा स्केचपेन, एक दोनशे पानी वही. मोबाइलवरचा नकाशा बघून शीट भरू नका. तो बोटाने लहानमोठा होतो आणि अंतराचा अंदाज कधीच बसत नाही.

पहिली संध्याकाळ: जमीन

नकाशा गुंडाळूनच ठेवा. सुरुवात आपल्या घरापासून करा. मराठवाड्याचे तेव्हाचे पाच जिल्हे आणि तेलंगणा एकाच निजामी राज्यात होते. १९४६ ते १९५१ या काळात नलगोंडा, वरंगळ भागात कम्युनिस्टांच्या पुढाकाराने वेठ आणि देशमुखांच्या जमिनीविरुद्ध सशस्त्र लढा झाला. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची सत्ता गेली तरी तो थांबला नाही, कारण जमीन अजून कसणाऱ्याच्या नावावर झाली नव्हती. हैदराबादचा कूळकायदा १९५० चा आहे. आजोबा-पणजोबांच्या तोंडचे वेठ, कूळ, सालगडी हे शब्द इथे कामाला येतात.

आता वहीत एक तक्ता आखा आणि त्यात एकरांत लिहा, हेक्टर डोक्यात राहत नाही. उत्तर कोरियात मार्च १९४६ मध्ये सुमारे ५ हेक्टरवरची, म्हणजे साधारण १२ एकरांवरची जमीन मोबदला न देता काढून घेतली. दक्षिण कोरियाने १९५० मध्ये सुमारे ३ हेक्टरची, म्हणजे साडेसात एकरांची मर्यादा घातली, पण मोबदला दिला. पूर्व जर्मनीत सोव्हिएत फौजेच्या ताब्यात असताना, सप्टेंबर १९४५ पासून, १०० हेक्टरवरच्या, म्हणजे जवळपास अडीचशे एकरांवरच्या जहागिरी मोडल्या. तीन आकडे शेजारी-शेजारी आले की कळतं: जमिनीचा प्रश्न रेषेच्या दोन्ही बाजूंना होता, उत्तरं मात्र निरनिराळी निघाली.

दुसरी संध्याकाळ: कोरिया

प्रमाण १ सेंटिमीटर = २० किलोमीटर घ्या. आधी निळ्याने ३८ अंश उत्तर अक्षांश ओढा. भारताचं उत्तर टोकसुद्धा त्याच्या खाली राहतं. ही रेषा डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन अमेरिकी अधिकाऱ्यांनी ऑगस्ट १९४५ मध्ये एका रात्रीत सुचवली, जपानी सैन्याची शरणागती कोणी कुठे घ्यायची एवढ्यापुरती. तिथे नदी नव्हती, डोंगर नव्हता, जुनी हद्द नव्हती.

मग तांबड्याने १९५३ ची युद्धविराम रेषा काढा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. बहुतेक जण ती ३८ अंशावरच ठेवतात. खरं तर ती तिरपी जाते: पश्चिमेला ३८ च्या खाली, म्हणून दक्षिणेत असलेलं कॅसाँग आज उत्तरेत आहे, आणि पूर्वेला वर, म्हणून सोक्चो दक्षिणेत आहे. दोन्ही शहरं टिंबाने दाखवा. रेषेभोवतीचा निर्लष्करी पट्टा सुमारे २५० किलोमीटर लांब आणि ४ किलोमीटर रुंद, म्हणजे तुमच्या शीटवर साडेबारा सेंटिमीटर लांब, जेमतेम २ मिलिमीटर रुंद. त्याहून जाड काढू नका.

शीटखाली तारखा लिहा: २५ जून १९५० उत्तरेचा दक्षिणेवर हल्ला, १५ सप्टेंबर इंचॉनला उतरलेली अमेरिकी फौज, ऑक्टोबरमध्ये चीन उत्तरेच्या बाजूने युद्धात, २७ जुलै १९५३ युद्धविराम. ‘तह’ हा शब्द खोडा. तह झालेलाच नाही, आणि युद्धविरामावर दक्षिण कोरियाची सही नाही. शेजारी दोन ओळी जरूर जोडा: हल्ल्यासाठी स्टॅलिनची संमती उत्तर कोरियाचा नेता किम इल-सुंग याने वारंवार मागून मिळवली, आणि जून १९५३ मध्ये दक्षिण कोरियाचा अध्यक्ष सिंगमन री याने सुमारे २७ हजार युद्धकैदी परस्पर सोडून अमेरिकेलाच पेचात टाकलं. धाकटे आपल्या थोरल्यांना कसे ओढत नेतात, ते यात दिसतं.

भारताचा मुद्दाही इथलाच: कैद्यांच्या प्रश्नासाठीच्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते.

तिसरी संध्याकाळ: व्हिएतनाम

प्रमाण बदला: १ सेंटिमीटर = ३० किलोमीटर. देश उत्तर-दक्षिण सुमारे १६५० किलोमीटर लांब आहे. २० चं प्रमाण धरलंत तर दक्षिणेची राजधानी सायगाव कागदाबाहेर जातं. शीट उभी धरा.

हे अक्षांश आपल्या ओळखीचे आहेत. हनोई साधारण जळगावच्या ओळीत येतं. १७ अंशाची रेषा उमरग्याच्या सरळ दक्षिणेला सुमारे ९० किलोमीटरवर, गुलबर्ग्याच्याही खाली जाते. व्हिएतनामची तात्पुरती लष्करी रेषा या अक्षांशाजवळ, बेन हाई नदीवर होती.

‘तात्पुरती’ अधोरेखित करा. फ्रान्सविरुद्धचं युद्ध थांबवताना झालेल्या जुलै १९५४ च्या जिनिव्हा घोषणेत ती राजकीय सरहद्द मानू नये असं स्पष्ट म्हटलं होतं, आणि जुलै १९५६ मध्ये अख्ख्या देशाची निवडणूक ठरली होती. दक्षिणेतल्या ज़िएम सरकारने ती होऊ दिली नाही, आणि अमेरिका त्याच्या पाठीशी राहिली. ‘१९५४ मध्ये व्हिएतनामचे दोन देश झाले’ असं लिहिलं की पुढचं युद्ध का पेटलं याचं कारणच उत्तरातून गळून पडतं. जिनिव्हात ठरलेल्या युद्धविरामावरच्या देखरेख आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं, सोबत कॅनडा आणि पोलंड. शेवटच्या तारखा दोन लागतात: सायगाव पडलं ३० एप्रिल १९७५, एकीकरण झालं २ जुलै १९७६.

चौथी संध्याकाळ: जर्मनी आणि उत्तर लिहिणं

जर्मनी लवकर आटपतो. इथे शेतकऱ्यांची क्रांती झाली नाही, राजवट फौजेबरोबर आली. एकच चूक सांभाळा: बर्लिन सरहद्दीवर काढू नका. ते पूर्व जर्मनीच्या आत सुमारे १६० किलोमीटर होतं, २० च्या प्रमाणात ८ सेंटिमीटर. ते जागेवर बसलं की १९४८-४९ मध्ये सोव्हिएतांनी पश्चिम बर्लिनच्या वाटा अडवल्या तेव्हा विमानानेच माल का न्यावा लागला हे सांगावं लागत नाही. फाळणी १९४९ ची, बर्लिनची भिंत १३ ऑगस्ट १९६१ ची. दोन्ही एका ओळीत कोंबू नका.

मग शीट उलट्या करून प्रत्येकाने एका देशावर अडीचशे शब्द लिहा, याच क्रमाने: जमीन कोणाची, रेषा कोणी ओढली, शस्त्रं कोणी दिली, स्थानिक पुढाऱ्याने काय साधलं. वह्या बदलून तपासा. ज्या वाक्यात ‘महासत्तांनी’ हा कर्ता आहे त्याखाली पेन्सिलने रेघ मारा. अशा रेघा निम्म्याहून जास्त वाक्यांखाली आल्या, तर पहिल्या संध्याकाळचा तक्ता उघडा आणि तो परिच्छेद पुन्हा लिहा.