इंग्लंडमध्ये ऑनलाइन एजंटच्या घराला ऑफर कशी द्यायची

गेल्या दोन-तीन महिन्यांत ओळखीतल्या चार जणांनी एकच प्रश्न विचारला, घर आवडलंय पण एजंटचं ऑफिसच कुठे नाही, वेबसाइटवर नुसतं ऑफर द्यायचं बटण आहे, तर त्यात भरायचं काय? प्रत्येकाला फोनवर तेच सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतोय. हे सगळं इंग्लंडपुरतं आहे बरं का, वेल्समध्ये कर वेगळा आहे आणि स्कॉटलंडमध्ये तर ऑफर सॉलिसिटरमार्फतच, म्हणजे वकिलामार्फतच जाते, त्यामुळे तिकडच्यांनी यावर विसंबू नका.

आधी ऑनलाइन एजंट म्हणजे काय ते बघू. राइटमूव्ह आणि झूप्ला हे एजंट नाहीत, ती जाहिरातींची पोर्टल्स आहेत. पर्पलब्रिक्स, योपा हे एजंट. बाजारपेठेतला नेहमीचा एजंट घर विकलं गेलं की टक्क्यांवर कमिशन घेतो, ऑनलाइनवाल्यांकडे मालक बऱ्याचदा ठरलेली फी भरतो, काही वेळा आधीच. त्यामुळे तुमचा सौदा जुळावा म्हणून मालकाला चार फोन करणारं माणूस मध्ये असेलच असं नाही. मालकाच्या स्क्रीनवर तुमचा आकडा आणि तुम्ही लिहिलेला मेसेज, एवढंच दिसतं. तो मेसेजच तुमची ओळख, हे डोक्यात पक्कं ठेवा.

आमची पहिली ऑफर इथेच गेली. रेडिंगजवळचं तीन बेडरूमचं सेमी डिटॅच्ड घर होतं, मागितलेली किंमत 3 लाख 95 हजार पाउंड, मी रात्री मुलं झोपल्यावर फॉर्म उघडला, 385000 टाइप केलं, खालचा मेसेजचा चौकोन रिकामाच ठेवला आणि पाठवून दिलं. दोन दिवसांनी नाकारल्याचा मेल आला, कारण काही नाही. व्ह्यूइंगला, म्हणजे घर बघायला गेलो तेव्हा मालकीणबाई स्वतः भेटल्या होत्या म्हणून त्यांना मेसेज करून विचारलं, तर म्हणाल्या की ज्यांना दिलं त्यांचा आकडा तुमच्यापेक्षा कमीच होता, पण त्यांनी बँकेचं पत्र जोडलं होतं आणि कधीपर्यंत घेणार तेही लिहिलं होतं, तुमच्याबद्दल मला काहीच कळलं नाही. त्या घराच्या मागच्या बागेत सफरचंदाचं झाड होतं, बायकोला अजून आठवतं.

म्हणून बटण दाबायच्या आधी तयारी. पहिलं म्हणजे एआयपी, म्हणजे अमुक एवढं कर्ज मिळू शकेल असं बँकेचं तत्त्वतः होकाराचं पत्र. बहुतेक बँका ऑनलाइन लगेच देतात, 30 ते 90 दिवस चालतं, फक्त सॉफ्ट चेक आहे का ते आधी विचारा म्हणजे क्रेडिट रेकॉर्डवर खूण राहत नाही. आणि एक गोष्ट आवर्जून करा, पत्र तुमच्या ऑफरपुरत्या रकमेचंच काढून घ्या. बँक साडेचार लाखांपर्यंत जायला तयार आहे हे त्या पत्रावर छापलं असेल आणि तुम्ही चार लाखांची ऑफर टाकलीत, तर एजंटला कळतंच की अजून जागा आहे. एजंट कितीही गोड बोलला तरी तो मालकाचा माणूस, तुमची वरची मर्यादा त्याला सांगायची नाही.

डिपॉझिटचा, म्हणजे कर्ज सोडून आपण स्वतः भरायच्या पैशांचा पुरावाही हवा. आपल्यातल्या बऱ्याच जणांचे थोडे पैसे घरून येतात, आईबाबा नाहीतर सासरे देतात, त्यात काही गैर नाही पण ते कर्ज नाही आणि घरावर त्यांचा हक्क राहणार नाही असं गिफ्ट लेटर बँक मागते, शिवाय त्यांच्याकडे पैसे कुठून आले तेही विचारलं जातं. माझ्या सासऱ्यांनी गावची थोडी जमीन विकून पैसे दिले होते, सॉलिसिटरने खरेदीखत मागितलं, ते मराठीत, मग त्याचं इंग्रजी भाषांतर करून घेण्यात तीन आठवडे गेले. भारतातल्या रहिवाशाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंतच बाहेर पाठवता येतात हेही हिशोबात धरा. पैसे ऑफरच्या आधीच इथल्या खात्यात येऊन पडले असतील तर फार बरं.

आता ज्यावर सगळ्यात जास्त लोक फसतात ते, स्टॅम्प ड्यूटी. पुण्यात किंवा ठाण्यात तुमच्या नावावर फ्लॅट असेल तर तुम्ही इथे पहिल्यांदा घर घेणारे धरले जात नाही, जगात कुठेही घर असलं तरी ते मोजतात. चार लाखांच्या घराचं बघा, एप्रिल 2025 पासूनच्या दरांनी खरंच पहिलं घर असेल तर 5 हजार पाउंड, साधा दर लागला तर 10 हजार, आणि भारतातला फ्लॅट 40 हजार पाउंड किंवा त्याहून जास्त किमतीचा असेल तर दुसऱ्या घराचा 5 टक्के जादा दर लागून सरळ 30 हजार. नवराबायको एकत्र राहत असाल तर फ्लॅट फक्त एकाच्या नावावर आहे म्हणून सुटका होत नाही. वडिलोपार्जित घरात हिस्सा असेल तर त्याचे नियम वेगळे आहेत, ते सॉलिसिटरला ऑफरच्या आधी विचारा, नंतर नको. पहिल्या घराच्या हिशोबापेक्षा जादाचे हे 25 हजार पाउंड कुठून आणायचे हा प्रश्न ऑफर मान्य झाल्यावर पडलेलं एक कुटुंब मी बघितलंय, फार वाईट अवस्था झाली होती त्यांची.

आकडा ठरवताना मागितलेल्या किमतीकडे बघू नका, ती मालकाची इच्छा असते. लँड रजिस्ट्रीकडे, म्हणजे घर-जमिनीची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे 1995 पासूनच्या विक्रीच्या किमती आहेत, फुकट बघता येतात, राइटमूव्हवर पण दिसतात. त्याच रस्त्यावरची, तेवढ्याच बेडरूमची, गेल्या वर्षभरात विकली गेलेली तीन-चार घरं काढा. कुणाकडे मागे एक्स्टेंशन आहे, कुणाचं छत नवीन आहे, ते जुन्या जाहिरातीतल्या फोटोंत कळतं. ताज्या विक्रीची नोंद चढायला काही आठवडे ते महिने जातात हे लक्षात असू द्या. आणि घर बाजारात किती दिवस पडून आहे, किंमत मध्ये कमी केली का, हेही बघा.

व्ह्यूइंगला ऑनलाइन एजंटकडे बऱ्याचदा मालकच घर दाखवतो, ही सोन्यासारखी संधी आहे. का विकताय, पुढचं घर मिळालं का, कधीपर्यंत निघायचंय, बॉयलर किती वर्षांचा, शेजारी कसे, सगळं मोकळेपणाने विचारा. आमच्या दुसऱ्या ऑफरच्या वेळी मालक आजोबा स्वयंपाकघरात चहा करता करता म्हणाले की मुलगी ब्रिस्टलला राहते, तिच्याजवळ जायचंय पण तिकडचं घर सप्टेंबरशिवाय रिकामं होणार नाही. बस, आमच्या ऑफरमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तिथेच मिळालं.

तो मेसेज साधारण असा होता, इंग्रजीत अर्थातच:

'आम्ही 4 लाख 2 हजार पाउंडची ऑफर देत आहोत, करार आणि सर्व्हे (घराची तज्ज्ञाकडून तपासणी) यांच्या अधीन राहून. आम्ही भाड्याने राहतो, आमच्यामागे चेन नाही, म्हणजे आधी आमचं घर विकलं जायची वाट बघायची नाही. डिपॉझिट 15 टक्के, पैसे यूकेतल्या खात्यात आहेत, पुरावा आणि एआयपी सोबत जोडलंय, सॉलिसिटर ठरलेले आहेत. तुमच्या सोयीसाठी सप्टेंबरअखेरपर्यंत थांबायची तयारी आहे. ओव्हन, पडदे आणि बागेतली शेड घरासोबत राहतील असं धरलंय. ऑफर मान्य झाल्यास घराची जाहिरात बंद करावी आणि नवीन व्ह्यूइंग घेऊ नयेत ही विनंती.'

मागितले होते 4 लाख 15 हजार. त्यांनी 4 लाख 6 हजार म्हटलं, आम्ही हो म्हटलं. एकदम शेवटच्या आकड्याने सुरू करू नका, पण उगाच 20 टक्के कमी टाकून मालकाला दुखवूही नका, ऑनलाइनवर समजूत काढणारं कुणी नसतं, तो नुसतं नाही दाबून मोकळा होतो.

पाठवताना स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि एजंटच्या वेबसाइटवरच्या मेसेजसोबत एक ईमेलही करा. मालकाने नको असं सांगून ठेवलेलं नसेल तर एजंटला प्रत्येक ऑफर मालकाला लेखी कळवावीच लागते. आमच्याकडूनच मॉर्गेज (गृहकर्ज) घ्या, आमचाच सॉलिसिटर घ्या, तरच ऑफर पुढे पाठवतो असं कुणी म्हणालं तर ते नियमाबाहेरचं आहे, ठाम नाही म्हणा, प्रत्येक एजंटला तक्रार निवारण योजनेचं सभासद असावंच लागतं, तिथे जाता येतं. आणि जाहिरातीत खाली बारीक अक्षरात 'मॉडर्न मेथड ऑफ ऑक्शन', म्हणजे एक प्रकारचा लिलाव, असं लिहिलेलं असेल तर बटण दाबायच्या आधी थांबा, तिथे ऑफर मान्य झाली की काही हजार पाउंडची रिझर्व्हेशन फी भरावी लागते आणि तुम्ही मागे हटलात तर ती परत मिळत नाही.

ऑफर मान्य झाली म्हणजे घर आपलं झालं असं नाही. दोन्हीकडच्या सह्या झालेल्या करारांची अदलाबदल होईपर्यंत दोघांपैकी कुणीही मागे हटू शकतं, जास्त पैसे देणारा आला तर मालक त्याचं ऐकू शकतो, इथे त्याला गझम्पिंग म्हणतात. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पोर्टल उघडून घरावर 'सोल्ड सब्जेक्ट टू कॉन्ट्रॅक्ट' (विकलं, फक्त करार बाकी) लागलं का बघा, नसेल लागलं तर लगेच ईमेल करा. मेमोरँडम ऑफ सेल, म्हणजे ठरलेल्या सौद्याचा तपशील असलेला कागद मागून घ्या, त्यात नावं, रक्कम, दोन्हीकडचे सॉलिसिटर बरोबर आहेत का तपासा, आमच्यात आडनावाचं स्पेलिंग चुकलं होतं. त्याच आठवड्यात मॉर्गेजचा पूर्ण अर्ज आणि सर्व्हे बुक करा, बँकेचं व्हॅल्युएशन म्हणजे सर्व्हे नव्हे, ते बँकेसाठी असतं. घर जुनं व्हिक्टोरियन असेल तर लेव्हल 3चाच, म्हणजे सगळ्यात सविस्तर सर्व्हे घ्या, आमच्या सर्व्हेत छताखालचा ओलावा निघाला आणि त्या कागदाच्या जोरावर आजोबांनी अडीच हजार कमी केले.