'लूपहोल'चं 'लूफोल' कसं होतं? लांब इंग्रजी जोडशब्द फोडताना या चुका टाळा

अंबाजोगाईत माझी इंग्रजीची शिकवणी आहे. मागं सातवीतल्या एका पोरानं 'लूपहोल' हा शब्द खणखणीत आवाजात 'लूफोल' असा वाचला. अडवलं तर म्हणतो, "सर, पी-एच म्हंजे फ ना? फोटोमधी हाय की." नियम बरोबर होता, लावायची जागा चुकली. इथला पी पहिल्या शब्दाचा आणि एच दुसऱ्याचा.

बहुतेक पोरं डावीकडून अक्षरं जुळवत सुटतात आणि गडबड तिथंच होते. आधी सांधा शोधायचा. 'ऊसतोड'ला आपण 'ऊ-सतोड' म्हणतो का? 'रामफळ'चं 'रा-मफळ' करतो का? तोच कान इंग्रजीला लावा. 'ग्राउंडवॉटर' आधी ग्राउंड आणि वॉटर असा सुटा करा, मग वॉटरचे दोन तुकडे पाडा. झाले तीन सिलॅबल, म्हणजे उच्चाराचे तुकडे.

दुसरी चूक देवनागरीमुळं होते. 'स्क्रूड्रायव्हर' आपण लिहितो पाच अक्षरांत, म्हणून पोरं पाच सिलॅबल सांगतात. आहेत तीनच: स्क्रू-ड्राय-व्हर. तळहात हनुवटीखाली आडवा धरून शब्द म्हणा. जबडा जितक्यांदा खाली येईल तितके सिलॅबल. स्पेलिंगवर मात्र फार विसंबू नका. कप आणि बोर्ड जोडून लिहिलेला शब्द बोलताना 'कबर्ड' होतो, पी गायब.

खरी पंचाईत जोराची. मराठीत जोर इकडचा तिकडं झाला तरी शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही, म्हणून आपण सगळं सपाट म्हणतो. इंग्रजीत 'ग्रीन'वर जोर दिला तर ते रोपांचं ग्रीनहाउस. 'हाउस'वर दिला तर नुसतं हिरव्या रंगाचं घर. जोडनामात जोर बहुधा पहिल्या शब्दावर असतो. शब्दकोशात उच्चारापाशी वरच्या बाजूला छोटी उभी रेघ दिसते, ती जोराच्या सिलॅबलच्या आधी असते. पोरं हटकून रेघेच्या मागच्यावर जोर देतात.

पहिल्या शब्दाचा नियम पाठ करून मोकळं मात्र होऊ नका. दुपारी वर्गात गेलो की अख्खा वर्ग उभा राहून 'गुड आऽफ्टरनून सर' ओरडतो. तिथं जोर 'नून'वर हवा. मी रोज सांगतो, पोरं रोज 'आऽफ्टर'च ताणतात.