मनाचा जोर यंत्रावर चालतो का? घरी तपासायचं तर असं

प्रिन्स्टन विद्यापीठात मनाचा यंत्रावर परिणाम होतो का हे तपासायला रॉबर्ट जान यांनी १९७९ मध्ये सुरू केलेली 'पेअर' प्रयोगशाळा २००७ मध्ये बंद झाली. तिथला मुख्य प्रयोग साधा होता. यंत्र एका फेरीत २०० बिट काढायचं, एक किंवा शून्य. समोरचा माणूस 'एक जास्त येवोत' किंवा 'कमी येवोत' असं मनात धरायचा. नुसत्या योगायोगाने सरासरी १०० येते, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरतात ते) ७.०७. पेअरचा दावा होता तो दहा हजार बिटांमागे एखाद-दुसऱ्या बिटाच्या फरकाचा. जर्मनीतल्या दोन प्रयोगशाळांसोबत केलेल्या फेरतपासणीत (२०००) तो मुख्य परिणाम सापडला नाही.

एवढा बारीक फरक पकडायचा तर आधी यंत्र निर्दोष हवं. बिट काढायला विजेचा गोंगाट लागतो; त्यासाठी बीसी५४७ ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर सांधा उलटा जोडा: एमिटर १०० किलोओहममधून १२ व्होल्टला, बेस ग्राउंडला, कलेक्टर मोकळा. एमिटरवरचा गोंगाट ०.१ मायक्रोफॅरडमधून दुसऱ्या बीसी५४७च्या अ‍ॅम्प्लिफायरला, तिथून एलएम३९३ला (व्होल्टेजची तुलना करून एक किंवा शून्य देणारी चिप), मग आर्डुइनोला (छोटा संगणक-बोर्ड). दर ५ मिलिसेकंदाला एक बिट घ्या आणि एकाआड एक बिट उलटवा. जळगाव-भुसावळात मे महिन्यात पारा ४५वर जातो. तापमानाने सर्किट एका बाजूला झुकलं तरी या उलटापालटीने सरासरी सावरते.

वीज चार्ज केलेल्या १२ व्होल्ट बॅटरीचीच. कूलर किंवा विहिरीवरची मोटर जवळ असेल तर ५० हर्ट्झची भुणभुण शिरते, आणि सेकंदाला २०० बिट म्हणजे तिच्या नेमके चौपट! सरासरी ठीक दिसते, विचलन मात्र ७.०७च्या खाली घसरतं. म्हणून नुसती सरासरी पाहून समाधान मानू नका. समोर कोणी नसताना १ लाख फेऱ्या चालवा, साधारण २८ तास लागतात. सरासरी ९९.९५५ ते १००.०४५ आणि विचलन ७.०४ ते ७.१० या बाहेर गेलं तर तारा आणि डबा तपासा. पत्र्याचा डबा ग्राउंडला जोडलेला बरा.

आता माणूस बसवा. 'जास्त', 'कमी' की 'काहीच नाही', हा हेतू चिठ्ठी काढून फेऱ्या सुरू होण्याआधी ठरवायचं आणि दुसऱ्याने वहीत शाईने लिहायचं. एकदा सुरू केलेला डाव अर्धवट सोडायचा नाही, 'आज मन लागत नव्हतं' म्हणून आकडे गाळायचे नाहीत. बहुतेक चमत्कार इथेच जन्मतात.

संध्याकाळभरात १,००० फेऱ्या झाल्या तर सरासरीत ±०.४४ नुसत्या नशिबाने येतं. पेअरचा दावा २०० बिटांमागे ०.०२५च्या आसपास. तेवढा फरक दोन प्रमाण त्रुटींवर (प्रमाण त्रुटी म्हणजे नशिबाने सरासरी साधारण किती हलते ते) आणायला ३,२०,००० फेऱ्या, म्हणजे प्रत्येक हेतूला ८९ तास. आणि परिणाम खरा असला तरी निम्म्या वेळा तो हुकेल. रोज एक तास बसलात तरी एका हेतूलाच तीन महिने.

तिन्ही हेतू वेगवेगळे तपासून त्यातला एक ५ टक्क्यांत बसला (नुसत्या नशिबाने शंभरात पाचच वेळा येईल इतका फरक दिसला) म्हणून नाचू नका. परिणाम काहीच नसला तरी तिघांपैकी एखादा तसा बसण्याची शक्यता सुमारे १४ टक्के असते. 'जास्त' वजा 'कमी' हा एकच आकडा पाहणार, असं पहिल्या दिवशीच वहीत लिहा.