रेडियन आणि अंश: या चुका टाळा

कोल्हापुरात अकरावीच्या आणि डिप्लोमाच्या मुलांना मी गणित शिकवते. सूत्र सगळ्यांना पाठ असतं, तरी उत्तर चुकतं, कारण रेडियन डोळ्यासमोर उभा राहिलेला नसतो. म्हणून आधी घरातली परात घ्या. मध्यापासून काठापर्यंत बसेल एवढा दोरा कापा आणि तो काठाकाठाने लावत चला. एका दोऱ्याएवढ्या काठाने मध्याशी जो कोन होतो तो एक रेडियन, साधारण ५७.३ अंश. सहा दोरे बसून थोडा काठ उरतो. २० सेंटिमीटर त्रिज्येच्या परातीत तो ५.७ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम तीन बोटं. पूर्ण फेरीचे ६.२८ रेडियन ते हेच.

आता चुका. अंशांचे रेडियन करताना π/१८० ने गुणायचं. उलटं केलंत तर ४५ अंशांचे २५७८ रेडियन येतील, म्हणजे परातीला चारशेच्या वर फेऱ्या! खरं उत्तर ०.७८५. रेडियनचा आकडा अंशांपेक्षा लहानच असतो, एवढं बघितलं तरी ही चूक लगेच सापडते.

‘π = १८०’ असं कधीही लिहू नका. π रेडियन म्हणजे १८० अंश. π हा आकडा मात्र ३.१४च.

कंसाची लांबी म्हणजे त्रिज्या गुणिले कोन, पण कोन रेडियनमध्येच हवा. उसाच्या जुन्या चरकाला जुंपलेला बैल मध्यापासून अडीच मीटरवर फिरतोय आणि ६० अंश पुढे गेला, तर तो २.६२ मीटर चालला. अंश तसेच ठेवले की १५० मीटर येतात.

कोल्हापूरचा अक्षांश १६ अंश ४२ मिनिटं. हे १६.४२ नव्हे! ४२ भागिले ६०, म्हणून १६.७. ही चूक केलीत तर कोल्हापूर ३१ किलोमीटर दक्षिणेला, पार निपाणीच्या अक्षांशावर जातं.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती यंत्राची सेटिंग. कॅल्क्युलेटरवर साइन ३० करून बघा. ०.५ आलं तर अंश, −०.९८८ आलं तर रेडियन आणि ०.४५४ आलं तर ग्रॅड (काटकोनाचे शंभर भाग धरणारं माप). एक्सेलला मात्र फक्त रेडियनच कळतात. अंबाबाईच्या किरणोत्सवाचं, म्हणजे मावळत्या सूर्याची किरणं देवळात मूर्तीवर पडतात त्याचं, गणित घ्या. १० नोव्हेंबरच्या सुमारास सूर्य विषुववृत्ताच्या १७ अंश दक्षिणेला असतो. तो मावळतो कुठे हे काढायला साइन −१७ ला कोसाइन १६.७ ने भागायचं आणि त्याचा व्यस्त कोसाइन घ्यायचा. आकडे तसेच टाकले तर भागाकार −१.७६ येतो. एवढा कोसाइन कुठल्याच कोनाचा नसतो, म्हणून एक्सेल एरर दाखवतं. मुलं मग तासभर सूत्रातले कंस (ब्रॅकेट) तपासत बसतात. सूत्र बरोबरच असतं. दोन्ही कोनांना आधी ‘रेडियन्स’ फंक्शन लावा, भागाकार −०.३०५ येईल.

इथेही थांबू नका. व्यस्त कोसाइनचं उत्तर १.८८ येतं, तेही रेडियनमध्ये. त्याला ‘डिग्रीज’ लावा: उत्तरेपासून १०७.८ अंश, म्हणजे पश्चिमेच्या जवळजवळ १८ अंश दक्षिणेला. १ फेब्रुवारीलाही सूर्य साधारण तेवढाच दक्षिणेला असतो, म्हणून किरणं वर्षातून दोनदा येतात.